भिंतीवर चढणारा हात

माझ्या गळ्यात अजून माझी सवत आहे. चांदीचा टाक आहे, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचं तोंड कोरलेलं. नाक झिजून सपाट झालंय. आमच्या मावळात बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालायची रीत होती. हळदकुंकू आधी टाकाला, मग मला. जेवताना पहिला घास त्याला दाखवायचा, नवं लुगडं आलं की आधी त्याला टेकवायचं. एवढं केलं म्हणजे मेलेली रुसत नाही, नव्या बायकोला नांदू देते. माझी नातसून म्हणते, आजी, काढा आता ते. मी म्हणते, तू तुझं काम बघ.

ही नातसून रोज सकाळी अंगणात चटई टाकून हातपाय ताणत बसते. परवा मला शिकवत होती, ताणलं की अंग मोकळं होतं म्हणून. मला हसूच आलं. ताणणं म्हणजे काय हे मला विचार, बाई. माझं सगळं नांदणं एका खांद्याच्या ताणावर लटकलं होतं. आणि तो ताण माझा एकटीचा होता की आणखी कुणाचा, हे मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही.

माझं माहेर आंदर मावळातलं, सासर औंढ्याचं. घरात माणसं मोजकी. नवरा रेल्वेत होता, खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळायच्या कामावर, आठवड्यानं घरी यायचा. सासू होती, तिला मी आत्याबाई म्हणायची. आणि एक चारेक वर्षांची पोर, माझ्या सवतीची. त्या सवतीला घरात थोरली म्हणत. पोर झाली आणि थोरली गेली, एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं. त्याहून जास्त विचारायची सोय नव्हती. पोर मला आये म्हणायची, आणि तिनं तसं म्हटलं की आत्याबाई दुसरीकडे बघायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी आणताना शेवाळावर माझा पाय सरकला. हंडा वाचवायला गेले नि उजव्या खांद्यावर आपटले. हंडा वाचला. गावच्या हाडवैद्यानं हात छातीशी बांधून ठेवला. हाड बसलं, पण फडकं सोडलं तेव्हा हात तिथंच राहिला होता. पुढं थोडा जायचा, मागं थोडा जायचा, वर म्हणून नेला की छातीपाशी अडायचा. डाव्या हातानं उचलून बघितला तर आतून कुणी धरून ठेवल्यासारखा. हाडवैद्य म्हणाला, ओढून काढतो. त्यानं असा हिसका दिला की डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि दुसऱ्या दिवशी खांदा आणखीच आवळला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

हात वर जात नाही म्हणजे काय, हे ज्यांचे दोन्ही जातात त्यांना कळायचं नाही. हंडा डोक्यावर चढत नाही. मुसळ उचलवत नाही, मग भात कांडायचं कसं? उतरंडीवरचं मडकं काढता येत नाही. स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. माझी वेणी आत्याबाई घालायच्या. फणी अशी ओढायच्या की डोळ्यांत पाणी यावं. लावणीला सगळं गाव चिखलात आणि मी घरात. बाया बांधावरून आत्याबाईंना विचारायच्या, "सून हाय का पाव्हनी हाय गं?"

आत्याबाईंचं निदान ठरलेलं होतं. "थोरली बसलीया खांद्यावर. पडलीस त्या दिशी टाकाला घास दावला व्हतास का?"

"दावला व्हता की."

"मग कमी दावला आसंल."

एक दिवस नवरा आला तेव्हा जेवताना त्यांनी त्याच्यापुढं निकाल देऊन टाकला. "नवमीपातुर बगायचं. हात डोस्क्याच्या वर गेला तर बरं, न्हाई तर हिचा भाऊ यील न्याला. दुसऱ्याची लेक हितं सडवायची कशापायी?" बोलणं दयेचं आणि करणं हाकलायचं. नवमी म्हणजे पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी, कुंकू लावून गेलेल्या बायांचं पान वाढायचा दिवस. आमच्या घरात तो थोरलीचा दिवस होता. नवरा मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. मला त्याचा असा संताप आला की दुसऱ्या दिवशी त्याच्या कालवणात मीठ दुप्पट पडलं, आणि ते चुकून पडलं नव्हतं.

माहेरी परत जाणं मला नको होतं. परत आलेल्या बाईला माहेरी कामं मिळतात, घर मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पोरीत माझा जीव अडकला होता.

लोणावळ्यात एका बंगल्यावर मी दूध घालायची, किटली डाव्या कमरेला लावून. पावसाळ्यात तिथले बंगले बंद असायचे, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. धुकं एवढं की आपल्या पुढं चाललेलं माणूस नुसतं खोकल्यावरून कळायचं. त्या अख्ख्या ओळीत धूर एकाच घरातून यायचा. तिथं एक म्हातारी नर्सबाई राहायची. मुंबईच्या इस्पितळात जन्म काढून ती इथं आली होती. एकटी राहायची, एकटीच बोलायची, म्हणून लोक तिला जरा टरकूनच असायचे. एके सकाळी तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "उजवा हात वर कर."

"जात न्हाई."

तिनं खांदा चाचपला. बोटं थंडगार होती. म्हणाली, "हाड चांगलं आहे तुझं. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती बांधून ठेवल्यानं आकसली आहे. कातडं वाळत टाकून विसरलं की कसं होतं? ओढलंस तर फाटेल. ऊब देऊन रोज थोडं ताणलंस तर लांबेल."

मग तिनं मला भिंतीपुढं उभं केलं. चार बोटं भिंतीला लावायची आणि पालीसारखी चढवत न्यायची. "जिथं अडेल तिथं थांब. हिसका देऊ नकोस. अंग भित्रं असतं. हिसका दिला की त्याला वाटतं कुणी मारायला आलं, ते स्वतःला आवळून घेतं. तू नुसती थांब, श्वास सोड, वाट बघ. भीती गेली की ते आपणहून देतं." आणि दुखण्याचंही तिनं सांगितलं. एक दुखणं ताणाचं, ते खाज आल्यावर खाजवल्यासारखं गोडसर असतं, ते सोसायचं. दुसरं सुरी फिरल्यासारखं, ते आलं की मागं यायचं. एवढं सांगून ती आत गेली आणि पुन्हा स्वतःशी बोलायला लागली.

आत्याबाई दिवसभर शेतात, पोर त्यांच्या पदराला. घर माझं एकटीचं असायचं. दुपारची भांडी राखेनं घासून झाली की मी मागं गोठ्यात जायची. आधी म्हशीच्या पोटाला खांदा टेकून उभी राहायची. शेकायला त्याहून चांगलं काही नाही, आणि लाकूडही जळत नाही. खांदा ऊन झाला की गव्हाणीच्या कट्ट्यावर चढायची, कारण तेवढीच भिंत मोकळी होती. आणि उजव्या हाताची चार बोटं भिंतीला लावायची.

भर दुपारी गोठ्यात काळोख असायचा. कौलांवर पाऊस, दारातून धुकं आत यायचं आणि जनावरांच्या पायांत बसून राहायचं. बोटं चढायची, मग अडायची. खांद्यात जुन्या जात्यासारखी करकर व्हायची. मी थांबायची, श्वास सोडायची, आणि तेव्हा ते व्हायचं. हात वर जायचा. मी नेत नव्हते. वरून कुणी मनगट धरून अलगद घ्यावं, तसा तो जायचा. म्हैस रवंथ थांबवून माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघत राहायची. आपणहून देतं, असं नर्सबाईनं सांगितलेलंच होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि आपला हात आपल्याला न विचारता अंधारात चढताना बघणं वेगळं. मी डाव्या मुठीत टाक धरून ठेवायची.

गुण मात्र येत होता. श्रावण सरताना हात खांद्याच्या उंचीला आला, गौरी बसल्या तेव्हा कपाळापर्यंत गेला. आत्याबाईंना मी हूं की चूं केलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मधेच मोडता घातला असता. म्हटलं, डोक्याच्या वर गेला की दाखवीन, आणि मग बघू कुणाचा भाऊ कुणाला न्यायला येतो.

पण घरात काहीतरी बदलायला लागलं. आत्याबाई पोरीला क्षणभर सोडेनात. तिच्या उशाशी विळा ठेवायला लागल्या, गोठ्याच्या दाराला बिब्बे बांधले. संध्याकाळी मी चुलीपुढं असताना त्या धार काढायला जायच्या. पूर्वी म्हशीशी बोलत बोलत धार काढायच्या, आता गोठ्यातून नुसता फडकं घासल्याचा आवाज यायचा. परत आल्या की पदराचं टोक ओलं आणि चेहरा पांढरा. "काय झालं आत्याबाई?" म्हटलं की, "कुटं काय?" वेणी घालताना माझ्या खांद्याला हात लागू नये म्हणून त्या लांबूनच फणी फिरवायला लागल्या. ओढत नव्हत्या, आणि मला ओढलेलं बरं होतं असं वाटायला लागलं.

भादव्यात एका संध्याकाळी त्यांना शेतातून यायला उशीर झाला. वैरण टाकायला मी चिमणी घेऊन गोठ्यात गेले, आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी खिळले. गव्हाणीच्या वर बोटं उमटली होती. पांढरी, चारचार, अंगठा कुठंच नाही. एकावर एक, एकावर एक, अशी आढ्याकडे चढत गेलेली. माझ्या हातातली चिमणी हलली आणि बोटंही हलली.

मागं दारात आत्याबाई उभ्या होत्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या हळूच म्हणाल्या, "दिसली ना तुला बी? मी रोज पुसते. ती रोज चढतीया."

"कोन?"

त्यांनी वर बोट दाखवलं. आढ्याखाली, भिंतीच्या अगदी टोकाला, एक पट्टा कधी लिंपलेलाच नव्हता. आतलं कुडाचं लाकूड उघडं दिसत होतं. त्याच्या खाली जुन्या लिंपणात बायकी हाताचे फराटे होते, चार बोटांच्या कमानी, आणि शेवटची कमान अर्ध्यात थांबलेली. चार वर्षांपूर्वी, गौरी यायच्या आधी, थोरली ह्याच कट्ट्यावर उभी राहून भिंत लिंपत होती. तेवढा पट्टा राहिला आणि तिला कळा आल्या. त्यानंतर त्या भिंतीला आत्याबाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"ऱ्हायलेलं पुरं कराया चढतीया ती," आत्याबाई म्हणाल्या. "नवमीला पोचंल बग वर. तिचं काम झालं की तिचं लेकरू घिऊन जाईल. तू आलीस नि ती जागी झाली. तू जा बाई. हात वर जाऊ दे न्हाई तर न जाऊ दे. मी सांगावा धाडलाय तुज्या भावाला."

त्या रात्री मी टाक काढून उशाखाली ठेवला आणि परत घातला. मलाही भीती वाटली, का खोटं बोलू? दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात जायचं धाडस होईना. पण एक दिवस चुकला की खांदा पुन्हा आकसतो असं नर्सबाईनं बजावलं होतं. देवाचं नाव घेऊन कट्ट्यावर चढले, बोटं लावली आणि चढवली. उतरताना सहज हाताकडे लक्ष गेलं. भांडी घासलेली राख, नखांत, बोटांच्या पेरांत. ओली होती तोवर मातीच्या भिंतीवर दिसत नव्हती. जनावरांच्या उबेनं संध्याकाळपर्यंत वाळायची आणि पांढरी पडायची. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तिथंच गव्हाणीत बसून हसले, आणि हसता हसता थांबले. बोटं माझी होती, खरं. पण त्यांना वर नेत कोण होतं? आणि आत्याबाईंना जाऊन सांगितलं असतं तर त्या हेच म्हणाल्या असत्या, की हात तुझा गं, पण चढतीय तीच. मग मला एक दिवससुद्धा ठेवलं नसतं.

नवमीला थोरलीचं पान वाढून झालं. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. माझा भाऊ ओसरीवर येऊन बसला होता, माझं गाठोडं दारात होतं. पोर गाठोड्याला धरून उभी होती आणि कुणी काही सांगत नव्हतं. मी आत्याबाईंना म्हटलं, "जायच्या आदी गोठ्यात चला. एकदा बगा."

"मी न्हाई यायची."

"मग मी बी न्हाई जायची."

मी शेणमातीचा काला कालवला. पंधरवड्यात कुणी भिंत लिंपत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? म्हशीच्या पोटाला खांदा टेकला, ऊन होऊ दिला, आणि कट्ट्यावर चढले. आत्याबाई दारात आल्या होत्या, चौकट धरून. उजव्या तळहातावर काला घेतला आणि बोटं भिंतीला लावली. आज भिंतीवर ती काळी उमटत होती, सगळ्यांना दिसतील अशी. कपाळ गेलं, डोकं गेलं. आणि थोरलीच्या शेवटच्या कमानीखाली वीतभर हात अडला.

हिसका द्यावा असं फार वाटलं. भाऊ बाहेर खाकरत होता. मी डोळे मिटले, श्वास सोडला आणि वाट बघितली. मागून आत्याबाईंचा आवाज आला, पण माझ्याशी बोलल्यासारखा नव्हता.

"मीच म्हनले व्हते तुला. वरचं तेवडं ऱ्हायलंय, हात पुरव की जरा. पोटुशी व्हतीस, दिस भरल्याले, पुरत न्हवता हात. तरी मी म्हनले."

म्हशीनं रवंथ थांबवला. आणि माझा हात वर गेला. करकर नाही, दुखणं नाही, पाण्यातून घ्यावा तसा. माझी चार बोटं तिच्या चार फराट्यांत जाऊन बसली. तिची बोटं माझ्याहून लांब होती. तिची कमान जिथं अर्ध्यात थांबली होती तिथून मी पुढं ओढली, आढ्यापर्यंत नेली, आणि तो पट्टा लिंपून टाकला. कट्ट्यावरून उतरले तेव्हा आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं, आणि माझा इतक्या महिन्यांचा राग कुठल्या कुठं गेला.

त्या उठल्या, ओसरीवर गेल्या आणि भावाला म्हणाल्या, "जेव आनि जा. एकटाच जा." मग पोरीला त्यांनी स्वतः हाताला धरून गोठ्यात आणलं, जिथं तिला महिनाभर पाऊल टाकू दिलं नव्हतं. "घे," म्हणाल्या. "तुजी हाय."

मी पोरीला दोन्ही हातांनी उचललं, थेट डोक्याच्या वर. ती हसली आणि तिनं भिंतीला हात लावला.

"आये, हितं वलं हाय."

मी लिंपलेलं ओलं असणारच. पण तिचा हात माझ्या लिंपणाच्या खाली होता, बाजूच्या एका जुन्या कमानीत, माझा काला न लागलेल्या, चार वर्षांपूर्वी वाळलेल्या तिच्या आईच्या बोटांवर. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, एवढं मलाही कळतं. पोरीला डाव्या कडेवर घेऊन मी पुन्हा कट्ट्यावर चढले आणि उजवा हात वर नेला. आता तो कुठंच अडला नाही. त्या कमानीला बोटं लावून बघितली. ओलं होतं, आणि म्हशीच्या अंगासारखं ऊन होतं.